विवेकाच्या मांडवात वक्ते फार झाले

विवेकवादी संमेलनाची कुठलीही निमंत्रणपत्रिका उघडून बघा. दीपप्रज्वलनाच्या जागी रोपाला पाणी घालणं आलंय, श्रीफळाच्या जागी पुस्तक आलंय. एवढं सोडलं तर बाकी सगळं आपल्याकडच्या चार संमेलनांसारखंच. प्रास्ताविक, स्वागताध्यक्षांचं मनोगत, उद्घाटकांचं भाषण, प्रमुख पाहुण्यांचं भाषण. मग तीन वक्त्यांचा परिसंवाद, ज्यात पहिला वक्ता बाकीच्या दोघांचाही वेळ खातो. मग जेवण. जेवणानंतर, निम्मा हॉल पेंगत असताना, मागच्या खोलीत ‘कार्यशाळा’. आणि संध्याकाळी सूत्रसंचालक माइक हातात घेऊन सांगतो की वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत, क्षमस्व.

‘प्रश्न विचारा’ हेच जिचं पहिलं सांगणं, त्या चळवळीच्या मांडवात वेळ कमी पडला की कात्री लागते ती प्रश्नांनाच. अध्यक्षांचं भाषण कापलं गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

माझं म्हणणं असं, की विज्ञान आणि चिकित्सेच्या नावाने भरणाऱ्या मेळाव्यांत भाषणांचा वेळ एक तृतीयांशावर आणावा आणि बाकीचा दिवस हाताने करायच्या कार्यशाळांना द्यावा. त्या सकाळी, ताज्या डोक्याने, मुख्य मांडवात घ्याव्यात. मागची खोली भाषणांसाठी ठेवावी, ज्यांना ऐकायचं असेल ते जातील. हे वेळापत्रकाचं किरकोळ भांडण वाटेल, पण माणूस त्या मांडवातून काय घेऊन घरी जातो, हे वेळापत्रकच ठरवतं.

भाषणातून तो वक्ता घेऊन जातो. चांगला वक्ता असेल तर जास्तच. ‘अमुक सर म्हणाले की ज्योतिष थोतांड आहे’ हे वाक्य आणि ‘अमुक महाराज म्हणाले की शनी वक्री आहे’ हे वाक्य यांची बांधणी सारखीच आहे. दोन्हीत पुरावा म्हणून एका माणसाचं नाव येतं. पहिलं वाक्य खरं आहे हा ऐकणाऱ्याच्या नशिबाचा भाग झाला. उद्या तेच सर दुसऱ्या विषयावर चुकीचं बोलले, तर त्याच्याजवळ ते ओळखायचं साधन काय?

आणि सर चुकतात. जगभरातल्या चिकित्सक वृत्तीच्या लोकांच्या मेळाव्यांचा इतिहास यावर पुरेसा बोलका आहे. अमेरिकेत जेम्स रँडी हा जादूगार या क्षेत्रातला सर्वांत मोठा माणूस. त्याच्या संस्थेचा लास व्हेगसचा वार्षिक मेळावा म्हणजे या मंडळींची पंढरीच होती. पण २००९च्या डिसेंबरमध्ये याच रँडीने जागतिक तापमानवाढ माणसामुळे होते का, याबद्दल शंका काढणारा मजकूर लिहिला आणि हजारो ‘शास्त्रज्ञां’च्या सह्यांच्या एका कुप्रसिद्ध पत्रकाचा दाखला दिला. त्याच्याच चाहत्यांनी आणि शास्त्रज्ञांनी त्याला धारेवर धरलं, आणि काही दिवसांत त्याला खुलासा करावा लागला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नास्तिकांच्या एका अधिवेशनात जीवशास्त्रज्ञ आणि नास्तिक लेखक रिचर्ड डॉकिन्स यांच्या नावाचा पुरस्कार बिल माहर या विनोदवीराला दिला गेला. धर्माची खिल्ली तो झकास उडवतो, पण लसींबद्दलची त्याची मतं कुठल्याही वैद्याला घाम फोडतील अशी. देव मानत नाही एवढ्या भांडवलावर माणूस विज्ञानाच्या व्यासपीठावर चढू शकतो, हा आजार आपल्याकडेही आहे. लायनस पॉलिंगची गोष्ट तर आणखी मोठी. दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेला हा रसायनशास्त्रज्ञ उत्तरायुष्यात ‘क’ जीवनसत्त्वाने सर्दीपासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर इलाज होतो असं सांगत फिरला. मेयो क्लिनिकने कर्करोगाबाबत रीतसर चाचण्या घेतल्या, त्यांचे निष्कर्ष १९७९ आणि १९८५ साली प्रसिद्ध झाले, फायदा दिसला नाही. लोकांनी चाचण्या वाचल्या नाहीत, गोळ्या मात्र घेतल्या. आजही घेतात.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईचंच आहे. जानेवारी २०१५. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात इंडियन सायन्स काँग्रेसचं १०२वं अधिवेशन. त्यात संस्कृत वाङ्मयातल्या प्राचीन विज्ञानावर एक सत्र होतं आणि त्या सत्रात प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ग्रहाग्रहांवर जाणारी, आडवी-उलटी उडणारी विमानं वगैरे. वर्तमानपत्रांनी आठवडाभर पानं भरली, दोन्ही बाजूंनी भाषणं झाली, शास्त्रज्ञांनी निषेध केला. पुढच्या वर्षी नोबेलविजेते वेंकी रामकृष्णन यांनी या अधिवेशनाला ‘सर्कस’ म्हटलं आणि परत पाऊल न ठेवण्याचं ठरवलं. २०१९मध्ये जालंधरच्या अधिवेशनात एका कुलगुरूंनी कौरवांना टेस्ट ट्यूब बेबी ठरवलं तेव्हा पुन्हा तोच खेळ. त्यानंतर आयोजकांनी वक्त्यांवर चाळणी लावायचं जाहीर केलं.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट बाजूला राहिली. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’च्या जोरावर हा डोलारा उभा होता, त्याची तपासणी १९७४ सालीच होऊन गेली होती. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच जणांनी ग्रंथाची भाषा, त्याची वंशावळ आणि त्यातल्या शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर या विमानांची रचना तपासली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आधीचा नाही आणि चित्रातली विमानं उडणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. चित्रं १९२३च्या सुमारास बंगळूरच्या एका ड्राफ्ट्समनने काढलेली. म्हणजे उत्तर चाळीस वर्षं कपाटात तयार होतं.

आता कल्पना करा, की त्या अधिवेशनात त्या निबंधावर कुणी बंदी मागितली नसती आणि त्याच्यावर भाषणही ठोकलं नसतं. शेजारच्या वर्गात तीस इंजिनिअरिंगच्या पोरांना ती चित्रं दिली असती, पट्टी आणि कॅल्क्युलेटर दिला असता आणि सांगितलं असतं: वजन किती होईल, पंखांचं क्षेत्रफळ किती, उचल किती लागेल, मांडा. दुपारपर्यंत पोरांनीच निकाल लावला असता, आणि तो कुणाच्या तोंडून ऐकलेला नसल्यामुळे जन्मभर विसरला नसता. वक्त्यांवर चाळणी लावणं हा उपाय मला म्हणूनच अर्धवट वाटतो. चाळणी कुणाच्या हातात, हा प्रश्न सत्ता बदलली की बदलतो.

कार्यशाळा म्हणजे नेमकं काय, हे बोलायला हवं, कारण आपल्याकडे कार्यशाळेच्या नावाखालीही भाषणंच होतात. फळ्यावर पीपीटी लागला आणि समोर वह्या उघडल्या की कार्यशाळा झाली असं नाही.

मराठी घरांत वाटी फिरवून प्लँचेट करायचा नाद पिढ्यान् पिढ्या होता. बोट नुसतं टेकवलंय, ढकलत कुणीच नाही, तरी वाटी सरकते आणि वारलेले आजोबा उत्तर देतात. यावर तासभर मानसशास्त्र सांगता येतं. पण १८५३ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने काय केलं ते बघा. तेव्हा तिकडे टेबलाभोवती बसून टेबल हलवण्याची साथ आली होती. फॅरडेने कुणाला खोटं ठरवलं नाही. टेबल आणि हात यांच्यामध्ये त्याने पुठ्ठ्याचे थर ठेवले, थरांमध्ये मऊ, घसरता चिकटा. टेबल आधी हललं तर खालचा पुठ्ठा पुढे जाईल आणि हात मागे राहतील. हातांनी ढकललं तर वरचा पुठ्ठा आधी सरकेल. वरचेच पुठ्ठे सरकले. मग त्याने हाताची हालचाल दाखवणारी एक काडी बसवली, बसलेल्यांना दिसेल अशी. काडी समोर दिसताच टेबल हलायचं थांबलं. बसलेली माणसं लबाड नव्हती, आपण ढकलतोय हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. हा प्रयोग पुठ्ठा, गोंद आणि झाडूच्या काडीवर कुठल्याही शाळेच्या वर्गात करता येतो. ज्या मुलीच्या बोटाखाली ती काडी कलते, तिला पुढे कुणी ‘माझं बोट आपोआप फिरलं’ म्हणालं तर ती हसणार नाही, पण फसणारही नाही. मला या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

याच जातीचा, आपल्या शिवारातला, आणि खिशाला थेट भिडणारा विषय म्हणजे पाणाड्या. बोअर घ्यायच्या आधी नारळ तळहातावर उभा करणारा किंवा दुबेळकी फांदी घेऊन फिरणारा पाणाड्या आजही बोलावला जातो, आणि फांदी फिरली तिथे शेतकरी कर्ज काढून खड्डा मारतो. संमेलनात याच्यावर टीका होते, लोक माना डोलावतात, आणि गावी गेल्यावर पाणाड्याला फोन करतात. कारण व्यासपीठावरच्या वक्त्यापेक्षा पाणाड्याची साक्ष जवळची असते: ‘आमच्या चुलत्याला लागलं की पाणी.’

मग पाणाड्यालाच मांडवात बोलवा. मानाने बोलवा, चहा द्या, त्याला हवी ती फांदी आणू द्या. दहा झाकणबंद डबे ठेवा, एकात पाण्याची भरलेली बाटली आणि नवांत वाळूची. पहिल्यांदा पाणी कुठे आहे ते उघड सांगून त्याला फिरू द्या. फांदी फिरेल. त्याच्याकडूनच वदवून घ्या की आज जागा ठीक आहे, अंगात शक्ती आहे, बाटलीतलं पाणी त्याला लागतं. याला लोक कंटाळतात, पण सगळ्या चाचणीची गोम इथे आहे. नंतर ‘सिमेंटच्या फरशीवर चालत नाही’ किंवा ‘तुमच्या अविश्वासाने अडलं’ म्हणायला जागा उरत नाही. मग अट लिहून दोघांच्या सह्या घ्या: दहा फेऱ्यांत निदान पाच बरोबर. नुसत्या अंदाजाने दहात एक येईल. पाच किंवा जास्त योगायोगाने येण्याची शक्यता हजारात दोनाहूनही कमी, हे गणित तिथेच फळ्यावर दहावीच्या मुलांकडून करून घ्या. प्रत्येक फेरीत डबा चिठ्ठीने ठरवा. ज्याने बाटली ठेवली त्याने खोलीबाहेर जायचं, आणि पाणाड्याबरोबर फिरणाऱ्याला ती कुठे आहे हे माहीतच नसायचं.

ही शेवटची अट लोकांना फाजील वाटते. ती का हवी, हे बर्लिनच्या एका घोड्याने शिकवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा घोडा टापा मारून गणितं सोडवायचा. ओस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने तपासलं तेव्हा कळलं की विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तरच घोड्याला ‘येतं’. विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या मानेच्या हालचालीवर तो थांबत होता. आपल्या दारात येणारा नंदीबैल ‘पाऊस पडंल का?’ला मान हलवतो तेव्हा निदान मालकाला तरी माहीत असतं की इशारा कुणाचा.

पाणाड्या हरला तर त्याचा पाणउतारा करायचा नाही. त्याला नेमकं काय चुकलं असं वाटतं, ते विचारायचं आणि पुढच्या वेळी त्याच्या सूचनेप्रमाणे चाचणी बदलायची. आणि तो जिंकला तर? तर पुन्हा चाचणी, अधिक कडक. जिंकण्याची वाट मोकळी नसेल तर तो तमाशा आहे, चाचणी नव्हे. रँडीच्या लास व्हेगसच्या मेळाव्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट कुठल्याही वक्त्याची नाही. २००९ साली तिथे भर सभागृहात, अलौकिक शक्ती सिद्ध करणाऱ्याला दहा लाख डॉलर देण्याच्या रँडीच्या आव्हानाची चाचणी झाली. डेन्मार्कहून आलेल्या एका बाईंचा दावा होता की लंबक फिरवून बंद पाकिटातला खेळायचा पत्ता ओळखता येतो. आधी अटी ठरल्या, मग पाकिटं आली, मग लंबक. पत्ते चुकले. प्रेक्षकांनी त्या दिवशी पाहिला तो कुणाचा पराभव नव्हे, पाकिटं कशी बंद करायची ते पाहिलं.

पाकिटावरून आठवलं. १९८८ साली फ्रान्समध्ये जाक बेन्वेनिस्त या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने जाहीर केलं, की प्रतिद्रव्य (अँटीबॉडी) इतकं पातळ केलं की पाण्यात त्याचा एक रेणूही उरू नये, तरी रक्तातल्या पेशींवर परिणाम दिसतो. होमिओपॅथीला याहून मोठा आधार मिळणं शक्य नव्हतं. ‘नेचर’ने निबंध छापला, आणि मग संपादक जॉन मॅडॉक्स स्वतः दोन साथीदार घेऊन प्रयोगशाळेत जाऊन बसले. साथीदारांतला एक रँडी होता. नळ्यांवरची नावं काढून सांकेतिक खुणा घातल्या, त्या खुणांचा कागद पाकिटात बंद केला, पाकीट फॉइलमध्ये गुंडाळलं आणि छताला चिकटवलं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कुठली नळी कुठली हे मोजणाऱ्याला कळेनासं झालं आणि परिणाम नाहीसा झाला. होमिओपॅथीची अवाढव्य बाजारपेठ आणि गल्लोगल्ली दवाखाने असलेल्या महाराष्ट्रात या विषयावर कितीतरी परिसंवाद होतात, भांडणंही होतात. छताला पाकीट चिकटवून बारा नळ्या ओळखायला लावणारी एकही कार्यशाळा मी कार्यक्रमपत्रिकेत पाहिलेली नाही.

इथे कुणी म्हणेल, आमच्याकडे चमत्कार-सादरीकरणं होतातच की. होतात, आणि ती करणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल मला आदर आहे. गावोगाव फिरून, स्वतःच्या खर्चाने, प्रसंगी दगड खाऊन त्यांनी हे काम केलंय. सुरीला जास्वंद चोळून लिंबू कापलं की ‘रक्त’ येतं, पोटॅशियम परमँगनेटवर तुपाच्या नावाखाली ग्लिसरीन ओतलं की होम आपोआप पेटतो, कापूर जळता जिभेवर ठेवता येतो. पोरं डोळे विस्फारून बघतात. पण यात एक अडचण आहे आणि ती आपण पुरेशी बोलत नाही. या सादरीकरणातून एवढंच कळतं की हे सात चमत्कार कसे करतात. आठवा आला की पोरगं पुन्हा तिथेच. शिवाय मनात असं घट्ट बसतं की अंधश्रद्धा पसरवणारा प्रत्येक जण चलाख ठग असतो. पाणाड्या ठग नसतो, वाटीवर बोट ठेवणारी आत्या ठग नसते, साप उतरवणारा म्हातारा पुष्कळदा पैसेही घेत नाही. त्यांच्यापुढे लिंबाची युक्ती पांगळी पडते.

साप उतरवणाऱ्याचंच घ्या. त्याचं यश खरं असतं, हे मान्य करूनच सुरुवात करावी लागते. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप मुख्य. चावणारे पुष्कळसे साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे काहीही केलं नाही तरी बरीच माणसं जगणार आहेत. मांत्रिकाच्या खात्यावर ती सगळी जमा होतात. मेलेल्याबद्दल ‘उशिरा आणलं’ असं म्हटलं जातं. हे कार्यशाळेत चिठ्ठ्यांनी खेळून दाखवता येतं: शंभर चिठ्ठ्या, बहुतेक पांढऱ्या (माणूस वाचला), थोड्या लाल (दगावला), आणि एका मुलाला ‘मंत्र’ म्हणून चिठ्ठ्या उचलायला सांगायचं. त्याचा मंत्र दहात आठ-नऊ वेळा ‘लागू’ पडतो. त्यानंतर सापांच्या ओळखीचे फोटो, आणि जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष मिळतं त्याची यादी. ही यादी खिशात घालून गेलेला माणूस पाच व्याख्यानं ऐकलेल्यापेक्षा जास्त उपयोगाचा.

वक्ते नकोतच, असं मी म्हणत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यासारखा माणूस असेल तर त्यांना दोन तास द्या. कोकणातला लाल विंचू चावल्यावर माणसं हृदय निकामी होऊन जायची. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. असा माणूस बोलतो तेव्हा मत ऐकायला मिळत नाही, काम ऐकायला मिळतं: आधी काय वाटलं, कुठे फसलं, कशावरून कळलं. वक्ता निवडायचा तर माझा निकष एवढाच. तो स्वतः केलेल्या कामावर बोलणार असेल तर यावं, आणि मिळालेल्या वेळातला निम्मा प्रश्नांना द्यावा. सर्व विषयांवर बोलू शकणाऱ्या, वर्षाला पन्नास मांडव गाजवणाऱ्या वक्त्याला हात जोडून नमस्कार करावा आणि श्रोत्यांत बसवावं.

याच निकषावर पुण्यातला २००८चा प्रयोग मला आपल्या चळवळीतलं सर्वांत देखणं काम वाटतं. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते यांनी मिळून दोनशे मुलांच्या जन्मवेळा जमवल्या: शंभर हुशार, शंभर मतिमंद. कुंडल्या मांडून ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या आणि विचारलं, कुठली कुणाची? ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के, नाणं उडवण्यापेक्षाही जरा कमी. एका संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या घेतल्या, तिची १०२ बरोबर आली. ‘करंट सायन्स’मध्ये २००९ साली निबंध आला. नारळीकरांनी फलज्योतिषावर भाषणं पुष्कळ दिली होती, पण आज वाद घालताना हाताशी येतं ते हे ४६ टक्के. आणि ते शाळाशाळांतून जन्मवेळा गोळा करणाऱ्या, नाव न छापलेल्या कार्यकर्त्यांच्या पायपिटीतून आले. असा प्रयोग लहान प्रमाणावर जिल्ह्याच्या मेळाव्यात का होऊ नये? विवाह जुळवताना गुण बघणाऱ्यांच्या या राज्यात विषयांची ददात नाही.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा वेळेचा किंवा पैशाचा नाही, भीतीचा आहे. २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. २०१५च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे, ऑगस्टमध्ये धारवाडला कलबुर्गी, २०१७मध्ये बंगळूरला गौरी लंकेश. मुंबईत विलेपार्ल्याला क्रूसावरून थेंब का पडतात याचं कारण २०१२ साली तुंबलेल्या ड्रेनेजपर्यंत नेऊन दाखवणाऱ्या सनल एडामारुकू यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, ते फिनलंडला गेले ते तिकडेच राहिले. अशा हवेत तालुक्याच्या गावी एकट्याने शंका काढणाऱ्या शिक्षिकेला वर्षातून एकदा हजार माणसं एकत्र बसलेली दिसणं, कुणीतरी ठणकावून बोललेलं ऐकणं, ही गरज आहे. सभेने बळ येतं. हे नाकारणं कोरडेपणाचं होईल, म्हणून मी भाषणं शून्यावर आणा म्हणत नाही.

पण ती शिक्षिका सोमवारी शाळेत जाते तेव्हा तिच्यासमोर काय येतं? भुताटकी झालीय म्हणून मुलीला शाळेतून काढून बुवाकडे नेणारा बाप. त्या क्षणी कालच्या टाळ्या कानात असून भागत नाही. तिला हे माहीत हवं, की दाभोलकरांच्या हत्येनंतर वटहुकूम निघाला, डिसेंबर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकार नेमके लिहिलेत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पोलीस ठाण्यात ‘हे आमच्यात बसत नाही’ म्हणून परत पाठवलं तर पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी या कायद्याखाली नेमायचा असतो, तो कोण आणि त्याला अर्ज कसा लिहायचा? कायद्यासाठी दाभोलकर अठरा वर्षं झगडले याची गौरवगाथा प्रत्येक संमेलनात सांगतात. तक्रार अर्ज लिहायची कार्यशाळा मात्र क्वचितच. एखादा निवृत्त फौजदार समोर बसवा, खोटं ठाणं उभं करा, तिला अर्ज घेऊन पाठवा, त्याने टोलवाटोलवी करावी, तिने न डगमगता कलम सांगावं. दोनदा अडखळेल, तिसऱ्यांदा जमेल. जादुई इलाजांच्या जाहिरातींविरुद्धचा १९५४चा कायदाही असाच जाहिरातीची कात्रणं हातात घेऊन शिकवण्यासारखा आहे. त्यात कुठल्या आजारांची नावं घेऊन इलाजाची जाहिरात करता येत नाही याची यादीच दिली आहे, आणि आपल्या गावची केबलवरची जाहिरात त्या यादीशी ताडून बघायला अर्धा तास पुरतो.

आयोजकांची खरी अडचण मला कळते. मोठं नाव नसेल तर गर्दी होत नाही, गर्दी नसेल तर देणगीदार पुढच्या वर्षी फोन उचलत नाही, वर्तमानपत्रात फोटो येत नाही. कार्यशाळेचा फोटो दिसायलाही बरा नसतो: डबे, चिठ्ठ्या, वाकलेली माणसं. हजारांच्या जागी साठ-सत्तर जण येतील, हे गृहीत धरून चालावं. पण त्या सत्तरांतली दहा माणसं पुढच्या महिन्यात आपल्या गावात तेच डबे मांडतील, तर हिशेब तोट्याचा नाही. शिकवायला माणसं लागतील, आणि ती मिळवणं वक्ते मिळवण्याइतकं सोपं नाही. त्यासाठी गावातला जादूगार, संख्याशास्त्राची प्राध्यापक, सर्पमित्र, निवृत्त फौजदार, भूजलवाला यांच्या दारी आधी तीन-चार महिने जावं लागेल. मानधन द्यायचंच असेल तर त्यांना द्यावं. पाहुण्याच्या विमानाच्या तिकिटात हे सगळे जण बसतात.

एक वही मात्र ठेवावी. कुठल्या गावात कुणाची चाचणी झाली, अटी काय ठरल्या, किती फेऱ्या, किती बरोबर, कुठे आपलीच मांडणी चुकली आणि चाचणी रद्द करावी लागली, सगळं तारखेनिशी. रद्द झालेल्या चाचण्या आधी लिहाव्यात, कारण त्या गाळायचा मोह सगळ्यात मोठा असतो. पुढच्या वर्षी उद्घाटनाच्या वेळी अध्यक्षांनी भाषणाऐवजी ती वाचून दाखवावी, आणि मग समोरच्यांनी त्यांना हवं ते विचारावं.